आमच्या वॉर्डात कोणी विसरत नाही

नऊ देशांत एकाच वेळी एकच प्रश्नपत्रिका फिरत होती. त्यातले तीन देश श्रीमंत, तीन मधले आणि तीन आपले कसेबसे दिवस ढकलणारे. प्रश्न चाळीस. वीस घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, वीस त्याच्या जवळच्या नातेवाइकाला. म्हातारपणी आठवण आणि समज हळूहळू हातची जाण्याचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, कुठल्या देशात किती आहे, आणि देश सुधारला की तो वाढतो की कमी होतो, हे त्या उत्तरांवरून ठरणार होतं. मोठ्या लोकांची मोठी कामं. त्यातलं लहान काम एवढंच, की दारोदार जाऊन हे प्रश्न विचारायचे. ह्या वॉर्डात ते जिच्या वाट्याला आलं होतं, तिला सगळे प्रश्नवाली म्हणत.

प्रश्नवाली कामाला चोख होती. पण प्रश्नपत्रिका लिहिणारी मंडळी वाढली होती श्रीमंत देशात. तिथला म्हातारा एकटा राहतो, स्वतःचा चहा स्वतः करतो, आणि एकदा किटली गॅसवर विसरला की पकडला जातो. ह्या वॉर्डात म्हाताऱ्याला किटलीपर्यंत पोचू कोण देतंय?

"आजोबा भांडी धुण्याचं यंत्र स्वतः चालवू शकतात का?" ती एका घरात विचारायची.

"हे काय, उभं आहे यंत्र," ओल्या हातांची सून म्हणायची. "आणि चालवतात हो! बसल्या जागेवरून चालवतात."

प्रश्नवाली 'हो'वर खूण करायची. दुसरं काय करणार?

"एकटे बाहेर गेले तर वाट चुकतात का?"

"एकटे कशाला जातील? आम्ही काय मेलोय?"

खूण: 'नाही'.

"वस्तू कुठे ठेवली ते विसरतात का?"

"ते ठेवतात कुठे बाई? आम्हीच ठेवतो आणि आम्हीच विसरतो."

खूण: 'नाही'.

म्हाताऱ्यांना थेट विचारायचे प्रश्न तर विचारूच नका. नियम असा, की त्या वेळी आसपास कोणी बोलायचं नाही. नियम करणाऱ्याने हा वॉर्ड पाहिला नव्हता. "आज वार कोणता?" असं विचारताच घरातली चार माणसं एका सुरात ओरडायची, "मंगळवार!" तेवढ्यात समोरच्या खिडकीतून एक काकू, जिला सगळे खिडकीवाली काकू म्हणत, ठासून सांगायची, "बुधवार!" मग दोन्ही बाजूंची जुंपायची, कॅलेंडर खाली निघायचं, आणि आजोबा मधे न्यायाधीशासारखे बसून म्हणायचे, "दोघांचंही बरोबर आहे." खरं तर त्या दिवशी गुरुवार असायचा. खूण: 'समाधानकारक'.

अशी दोनशे सात घरं झाली. कागद वर गेले, आकडे निघाले. ह्या वॉर्डात डिमेन्शिया शून्य टक्के.

ऑफिसातल्या साहेबांना आनंद मावेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी जगावेगळं घडलं होतं, आणि तेही काही न करता. त्यांनी चौकात भला मोठा फलक लावला: 'आमच्या वॉर्डात कोणी विसरत नाही'. पाण्याच्या टाकीवरचा माणूस सांगत सुटला, की हा सगळा त्याच्या पाण्याचा गुण. व्यायामशाळेच्या मास्तरांनी ते श्रेय स्वतःकडे ओढलं. ज्या म्हाताऱ्यांच्या जोरावर हे चाललं होतं त्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांतले काही कोड्यात पडले असते.

ह्यात एक गोम होती आणि ती प्रश्नवालीला पुरती ठाऊक होती. ज्या वॉर्डात रुग्ण सापडतील तिथे दिवसभराचं केंद्र निघणार होतं. डॉक्टर, शिकलेल्या परिचारिका, आणि म्हाताऱ्या माणसांना सकाळी नेऊन संध्याकाळी घरी सोडणारी गाडी. शून्य टक्क्यांच्या वॉर्डाला ह्यातलं काय मिळणार? साहेबांचा फलक, आणखी काय! प्रश्नवाली त्या फलकाखालून जाताना मान खाली घालायची, कारण त्या केंद्रातली एक खुर्ची तिलाच हवी होती. आपल्या वडिलांसाठी.

अण्णा शिंपी. चाळीस वर्षं एका खोलीत, एका मशीनवर, सगळ्या वॉर्डाचे कपडे शिवले. माप कधी वहीत लिहिलं नाही, सगळं डोक्यात. आता बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, ते लेकीकडे राहत होते, आणि मशीन खिडकीशी होतं. वर्षभरापूर्वी त्यांनी जावयाला शर्ट शिवला, त्याचा खिसा आतल्या बाजूला. जावई भला माणूस, म्हणाला, "खिसेकापूंपासून बरं." लेक हसली. मग चष्मा भाजीच्या टोपलीत सापडला, तेव्हाही ती हसली. मग अण्णांनी एका संध्याकाळी "तुझी आई अजून कशी आली नाही?" असं विचारलं, तेव्हा मात्र तिला हसता येईना. "वय झालं," ती नवऱ्याला म्हणाली. दोनशे घरांत तिने हेच ऐकलं होतं, आणि दोनशे वेळा मनात म्हटलं होतं की ही माणसं स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकतात.

तिच्या स्वतःच्या घराचा फॉर्म तेवढा राहिला होता. तो स्वतः भरायचा नाही असा नियम होता, म्हणून तिच्याकडे साहेब येणार होते. तिने काय करावं? खरं सांगून टाकावं, केंद्र मिळवावं, मोकळं व्हावं. दुसऱ्या कोणालाही तिने हाच सल्ला दिला असता. पण ज्या माणसाच्या डोक्यात साऱ्या वॉर्डाची मापं होती, त्याला 'आज वार कोणता' ह्यावर नापास होताना बघायचं? तिच्याने होईना. तिने आठ दिवस अण्णांची शिकवणी घेतली. वीस प्रश्न, वीस उत्तरं, सकाळ-संध्याकाळ घोकून. पेपर फुटला होता आणि फोडणारी घरातच होती. नातेवाइकाच्या वीस प्रश्नांना तिने स्वतः धडधडीत खोटं सांगितलं. अण्णांना चाळीसपैकी चाळीस पडले.

चोरी करावी तर बेताने करावी. नऊ देशांत एवढे गुण कोणालाच पडले नव्हते. दीड महिन्याने पत्र आलं, की ह्या संपूर्ण अभ्यासाच्या प्रमुख प्राध्यापिका स्वतः येत आहेत, आणि त्यांना ते चाळीस गुणांचे गृहस्थ पाहायचे आहेत.

साहेबांनी नवा टाय घेतला. प्रश्नवालीचं धाबं दणाणलं. तिने पुन्हा शिकवणी सुरू केली. ह्या खेपेला अण्णांना उत्तरं राहत नव्हती, पण ओळीने म्हटली की पाढ्यासारखी येत. एकाला दुसरं चिकटून. तिने तेवढ्यावर भागवायचं ठरवलं.

ठरल्या दिवशी, सकाळी अकराला, प्राध्यापिका आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला शाळकरी मुलीसारखी पिशवी. त्यांना इथली भाषा येत नव्हती, साहेबांना त्यांची येत होती, निदान साहेब तसं म्हणत. अण्णा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर ताठ बसले होते. लेक मशीनपाशी उभी. समोरच्या खिडकीत काकू पडदा सरकवून, कोपरं टेकून, नाटकाला बसल्यासारखी हजर.

प्राध्यापिका काहीतरी बोलल्या. साहेब म्हणाले, "बाई म्हणतात, प्रश्न तेच. फक्त ह्या वेळी शेवटून सुरुवात करू या."

प्रश्नवाली 'थांबा' म्हणायला पुढे झाली. पण साहेबांनी कागद उलटला आणि विसावा प्रश्न वाचला.

"अण्णा, पाऊस पडत असेल तर काय घेऊन बाहेर पडाल?"

"गुरुवार," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले.

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. मग प्राध्यापिकांकडे वळून काहीबाही बोलले, आणि हळूच प्रश्नवालीला म्हणाले, "सांगितलं, की गुरुवारी ते पावसात बाहेरच पडत नाहीत."

"नळ वाहता राहिला तर काय कराल?"

"मार्च."

"सांगितलं, की मार्चमध्ये आमच्याकडे नळाला पाणीच नसतं," साहेब पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"तुम्हाला मुलं किती?"

"दुसरा मजला."

इथे साहेबांची प्रतिभा आटली. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. प्राध्यापिकांनी छताकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"शेजाऱ्यांशी तुमचे संबंध कसे आहेत?"

"कुलूप उघडायला."

"बघा!" खिडकीतून काकू कडाडली. "एकदा, फक्त एकदा ह्यांच्या घराची किल्ली हरवली म्हणून मी खिळ्याने कुलूप उघडून दिलं. आज लोकांसमोर उणंदुणं काढतात!"

"काकू, गप्प बसा हो," प्रश्नवाली म्हणाली.

"मी का गप्प बसू? आज गुरुवारच आहे, तेवढं तरी त्यांचं बरोबर आहे."

अण्णांना कळलं की काहीतरी बिनसलंय. उत्तरं तर ओळीने चालली होती, एकही चुकलं नव्हतं, तरी समोरच्यांची तोंडं अशी का? त्यांनी लेकीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग ते उठले, गळ्यात टेप घातली, आणि प्राध्यापिकांसमोर जाऊन म्हणाले, "या, उभ्या राहा. माप घेऊ या."

प्राध्यापिका खूश. त्या उभ्या राहिल्या. अण्णांचे हात जे चालले, बघत राहावं. खांदा, बाही, छाती, कंबर, उंची. टेप जराही अडखळली नाही. आकडे ते तोंडाने पुटपुटत गेले आणि एकही परत मोजावा लागला नाही. "डावा खांदा अर्ध्या इंचाने उतरलाय," ते म्हणाले. "पिशवी एकाच खांद्यावर टाकता काय?" साहेबांनी ह्याचं खरं भाषांतर केलं, पहिल्यांदाच. प्राध्यापिकांनी चकित होऊन आपला खांदा चाचपला आणि मनापासून टाळ्या वाजवल्या.

प्रश्नवालीचा ऊर भरून आला. बघा म्हणावं, हे माझे अण्णा!

अण्णा खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग समोर बसलेल्या उंच बाईंकडे त्यांनी नीट पाहिलं, उठले, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "या, उभ्या राहा. माप घेऊ या."

खांदा, बाही, छाती, कंबर, उंची. "डावा खांदा अर्ध्या इंचाने उतरलाय. पिशवी एकाच खांद्यावर टाकता काय?"

"आमच्याकडे पाहुण्यांचं दोनदा माप घ्यायची पद्धत आहे," साहेब दोन्ही भाषांत म्हणाले.

तिसऱ्यांदा अण्णा उठले तेव्हा साहेब कागदात तोंड घालून बसले. प्राध्यापिका पुन्हा शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. हात बाजूला धरले, खांद्याचं बोलणं पुन्हा तेवढ्याच नवलाने ऐकलं आणि पुन्हा हसल्या. मात्र ह्या वेळी खाली बसल्यावर त्यांनी पहिला भाग मिटला, दुसरा उघडला आणि प्रश्नवालीकडे पाहिलं. आता नातेवाइकाची पाळी.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली, आणि वाचतानाच डोळ्यांनी खुणावलं, की बाई, मागचीच उत्तरं द्या. "वस्तू कुठे ठेवली ते विसरतात का?"

प्रश्नवालीने दोनशे सात घरांत हा प्रश्न विचारला होता. तो उत्तर देणाऱ्याला एवढा जड जातो हे तिला कधी कळलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं. "बाई, मागच्या वेळी 'नाही' म्हणाला होतात."

"मागच्या वेळी खोटं बोलले होते, साहेब. तेही लिहा."

"अहो पण शून्य टक्के…"

"पुढचा विचारा."

"एकटे बाहेर गेले तर," साहेबांचा आवाज बारीक झाला, "वाट चुकतात का?"

"हो. पंधरा दिवसांपूर्वी बेकरीसमोर तासभर उभे होते. बेकरीवाल्याने हाताला धरून आणलं. मी सगळ्यांना सांगितलं की गप्पा मारत बसले होते." आता गाडी उतारावर होती. "तेच ते विचारतात का म्हणून विचाराल, तर हो. आईला शोधतात का, तर हो. पहिल्या भागाची उत्तरं पाठ कोणी करून घेतली, तर मी."

प्राध्यापिकांना शब्द कळत नव्हते. पण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि नुसत्या ऐकत होत्या. काकूसुद्धा गप्प होती, आणि वॉर्डाच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

"शेवटचा," साहेब म्हणाले. "घरच्या माणसांना ओळखण्यात अडचण येते का?"

ह्याला ती 'नाही' म्हणणार होती. खरंच नाही, असंच तिला वाटत होतं. पण अण्णा टेप हातात घेऊन अर्धवट उठले होते, चौथ्यांदा, आणि ती त्यांच्याकडे बघत असताना तिला एकदम आठवलं, की अण्णा दर रविवारी जावयाचं माप घेतात. नवरा म्हणायचा, बघ, कपडे काही शिवत नाहीत, नुसतं मोजतात. आणि गेल्या शुक्रवारी ती कामावरून आली तेव्हा अण्णांनी तिलाही दारातच उभं करून मापलं होतं. तिला किती बरं वाटलं होतं! लहानपणासारखं. ती हात पसरून उभी राहिली होती आणि बडबडत होती, की अण्णा, आज उशीर झाला, अण्णा, तुमची गोळी घेतली का.

"हो," ती म्हणाली. "मला पण ओळखत नाहीत कधी कधी." आणि ती रडायला लागली.

मग अण्णा म्हणाले, "बरं झालं बाई, बोललीस एकदाची."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेप मांडीवर ठेवली होती आणि लांब श्वास सोडला होता. चेहरा मोकळा होता, महिनोन्महिने तो असा दिसला नव्हता.

"मला वाटलं, मला एकट्यालाच माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तुला कळू नये म्हणून किती खटपटी केल्या मी! समोर माणूस आला आणि नाव आठवेना, की टेप काढायची. माप घेताना गप्प कोणी राहत नाही बघ. दोन मिनिटांत स्वतःच सांगतो, कोण, कुठला, काय काम. तू 'अण्णा' म्हणालीस की कळतं, ही आपली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू एवढी मेहनत घेत होतीस. घोकून घेत होतीस. म्हटलं, पोरीचा हिरमोड नको." त्यांनी टेप गुंडाळायला घेतली. "पण फार दमलो गं."

लेकीने सगळ्या जगाला फसवलं होतं आणि वर्षभर बापाने लेकीला. दोघंही एकमेकांना जपत होती आणि दोघांचीही दमछाक झाली होती. प्रश्नवाली त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. साहेबांनी ह्या सगळ्याचं भाषांतर केलं. कुठेही पदरचं घातलं नाही. शेवटाला त्यांनाच टाय सैल करावा लागला.

"माझं ऐक," अण्णा लेकीला म्हणाले. "आज तू सांगितलंस ते मी उद्या विसरणार. आणि पुन्हा लपवायला लागणार. मग तू मला सांग, की अण्णा, मला सगळं माहीत आहे, आता लपवायची गरज नाही. सांगशील ना?"

"सांगेन."

"रागावणार नाहीस?"

"नाही, अण्णा."

"ए पोरी," समोरच्या खिडकीतून काकूचा आवाज आला, पण तो काकूचा वाटत नव्हता. "आमच्या ह्यांचा कागदही बाहेर काढ गं. मीसुद्धा काहीबाही सांगितलंय."

मग प्रश्नवाली पुन्हा दोनशे सात घरी गेली. ह्या वेळी ती घरच्या माणसाला बाजूला घेऊन एकच नवा प्रश्न विचारायची: तुम्ही सगळे आठ दिवस परगावी गेलात, तर ते काय करतील? त्यावर कोणी हसायचं नाही. कोणी बराच वेळ आमटी ढवळत राहायचं, कोणी दार लोटून घ्यायचं आणि मग बोलायला लागायचं. शून्याचे नऊ टक्के झाले. साहेबांनी फलक स्वतः शिडी लावून उतरवला, आणि दोन महिन्यांनी केंद्राची गाडी वॉर्डात फिरू लागली.

ती गाडी यायच्या आधी, रोज सकाळी साडेसातला, अण्णा अंथरुणातून उठतात, समोर उभ्या असलेल्या बाईकडे निरखून बघतात आणि घाईघाईने टेप शोधू लागतात. मग ती त्यांच्याजवळ बसते आणि म्हणते, "अण्णा, मी तुमची लेक. मला सगळं माहीत आहे. लपवायची काही गरज नाही."

"खरंच तुला माहीत आहे?" अण्णा विचारतात.

"खरंच."

आणि रोज सकाळी अण्णांचा जीव नव्याने भांड्यात पडतो.